निधी पाटीला, माणसाला नव्हे

म्हैसूरच्या पश्चिमेला बोगादी आहे. मानसगंगोत्रीचे विद्यापीठ-आवार मागे टाकून बोगादी रस्त्याने निघाले की थोड्याच वेळात आपण येथे पोहोचतो. कधीकाळी हे शेतांचे गाव होते. आज येथे एकामागून एक वसाहती आहेत आणि त्यांत शिक्षक, बँक कर्मचारी, संगणक अभियंते व माझ्यासारखे सेवानिवृत्त राहतात. मी मुलीकडे येथे राहावयास आलो. शेजारी एक मराठी कुटुंब आहे. चार पिढ्यांपूर्वी म्हैसुरात आलेले; घरात मराठी, दाराबाहेर कन्नड. घरातील कर्ते गृहस्थ शाळामास्तर म्हणून निवृत्त झाले. एका संध्याकाळी फिरताना त्यांनी मला विचारले, "साहेब, तुम्ही जन्मभर सरकारी हिशेब पाहिलेत. एवढे सांगा, आम्ही गावात राहतो की शहरात?"

मला हसू आले. ते म्हणाले, "हसू नका. गाव म्हणावे तर ग्रामपंचायत राहिली नाही. शहर म्हणावे तर नगरसेवक नाही. दिल्लीहून माणशी पैसा निघतो म्हणतात. माझ्या डोक्यामागचा पैसा कोणत्या पत्त्यावर जातो?"

मास्तरांच्या या प्रश्नाला सरळ उत्तर देता येत नाही, आणि ते का देता येत नाही हे सांगणे हाच या लेखाचा हेतू आहे. माझे प्रतिपादन असे की केंद्र सरकारचा स्थानिक संस्थांसाठीचा निधी माणसांच्या नावाने मोजला जातो, परंतु पाटी पाहून दिला जातो. आणि पाटीत काही दोष निघाला तर शिक्षा पाटी रंगवणाऱ्याला न होता पाटीखाली राहणाऱ्या माणसाला होते. हे अन्याय्य आहे आणि बदलता येण्याजोगे आहे.

प्रथम थोडा इतिहास पाहू. राज्यघटनेची ७३ वी दुरुस्ती २४ एप्रिल १९९३ रोजी व ७४ वी दुरुस्ती १ जून १९९३ रोजी अमलात आली. त्या दुरुस्त्यांनी अनुच्छेद २८० मध्ये भर घातली, आणि पंचायती व नगरपालिकांना बळ देण्यासाठी राज्यांचा निधी कसा वाढवावा हे सुचवणे केंद्रीय वित्त आयोगाचे कर्तव्य ठरले. दहाव्या आयोगाने आरंभ केला. १९७१ च्या जनगणनेतील ग्रामीण लोकसंख्येवर दरडोई १०० रुपये धरून त्याने पंचायतींना सुमारे ४,३८१ कोटी व नगरपालिकांना १,००० कोटी रुपये सुचवले. बाराव्या आयोगाने पंचायतींना २०,००० कोटी आणि नगरपालिकांना ५,००० कोटी दिले. डॉ. विजय केळकर यांच्या अध्यक्षतेखालील तेराव्या आयोगाने ठरावीक रकमेऐवजी केंद्रीय करांच्या विभाज्य निधीतील टक्केवारीशी हे अनुदान जोडले. करवसुली वाढेल तसे अनुदानही वाढावे, हा त्यामागील विचार मोलाचा होता. चौदाव्या आयोगाने पाच वर्षांसाठी २,८७,४३६ कोटी सुचवले, तर पंधराव्याने २०२१ ते २०२६ साठी ४,३६,३६१ कोटी. १ फेब्रुवारी २०२६ रोजी संसदेत मांडलेल्या सोळाव्या आयोगाच्या अहवालात २०२६ ते २०३१ साठी सुमारे ७ लाख ९१ हजार कोटी आहेत. त्यांपैकी ग्रामीण संस्थांना सुमारे ४ लाख ३५ हजार कोटी आणि नागरी संस्थांना ३ लाख ५६ हजार कोटी.

हे आकडे वाचून डोळे दिपतात. म्हणून साधा भागाकार करून पाहावा. सोळाव्या आयोगाची रक्कम पाच वर्षांत वाटली आणि देशाची लोकसंख्या १४५ कोटींच्या आसपास धरली, तर माणशी वर्षाला १,१०० रुपयांच्या आत, म्हणजे महिन्याला साधारण ९० रुपये पडतात. पाणी, गटार, कचरा, दिवे आणि रस्ते या सर्वांसाठी केंद्राचा वाटा एवढाच. तरीही लहान नगर पंचायतीला तो जीवनावश्यक असतो, कारण तिचे स्वतःचे उत्पन्न तुटपुंजे असते. रिझर्व्ह बँकेने २०२२ च्या नोव्हेंबरात महानगरपालिकांच्या अर्थकारणावर अहवाल काढला. आपल्याकडील नगर-संस्थांचा जमाखर्च दशकभर राष्ट्रीय उत्पन्नाच्या एक टक्क्याभोवतीच घुटमळत आहे, हे त्यात स्पष्ट नोंदले आहे. ब्राझील वा दक्षिण आफ्रिकेत हेच प्रमाण सहा-सात टक्के आहे. पोटभर जेवणाराला एक घास चुकला तर फारसे बिघडत नाही. एकाच घासावर जगणाराचे मात्र सर्वच बिघडते.

आता वाटपाकडे वळू. चौदाव्या व पंधराव्या आयोगांनी राज्याराज्यांत हे अनुदान वाटताना लोकसंख्येला ९० टक्के आणि क्षेत्रफळाला १० टक्के भार दिला. लोकसंख्या कोणती? २०११ ची. २०२१ ची जनगणना झालीच नाही. पुढील जनगणनेचा संदर्भ दिनांक १ मार्च २०२७ आहे. म्हणजे २०२६ पर्यंत वाटला जाणारा पैसा पंधरा वर्षांपूर्वीच्या डोकेमोजणीवर चालला. जी गावे या काळात रिकामी झाली त्यांची माणसे कागदावर तेथेच राहिली, आणि जी बोगादीसारखी फुगली त्यांची नवी माणसे कागदावर जन्मलीच नाहीत. नवी माणसे शहराच्या मध्यभागी थोडीच येतात? मध्यभागी जागा नसते आणि भाडे परवडत नाही. ती कडेला येतात. त्यामुळे शिळ्या मोजणीचा फटका सर्वांत जास्त कडेच्या वस्त्यांना बसतो.

एक उदाहरण बोलके आहे. पंधराव्या आयोगाने नागरी अनुदानाचे दोन भाग केले: दहा लाखांवरील लोकसंख्येच्या नागरी समूहांसाठी ३८,१९६ कोटी आणि उरलेल्या सर्व शहरांसाठी ८२,८५९ कोटी. २०११ मध्ये म्हैसूर नागरी समूहाची लोकसंख्या होती सुमारे ९ लाख ९१ हजार. नऊ-दहा हजार डोकी कमी पडली आणि म्हैसूर दुसऱ्या रांगेत गेले. आपल्या सोलापूरचेही तसेच झाले. तेथे २०११ मध्ये साडेनऊ लाख लोक होते. पहिल्या रांगेत लाभच लाभ होता असे मी म्हणत नाही. त्या शहरांचे अनुदान हवा, पाणी व स्वच्छतेच्या कामगिरीला बांधलेले होते. माझा आक्षेप एवढाच की कोणत्या शहरावर कोणते नियम लागू व्हावेत, हे २०११ साली दारावर आलेल्या प्रगणकाने ठरवावे आणि २०२५ साली त्या शहरात राहणाऱ्याने ते मुकाट्याने सोसावे, ही राज्यकारभाराची रीत नव्हे.

दुसरा दोष पाटीचा. अनुदान ग्रामीण आणि नागरी अशा दोन पिशव्यांत येते. गावाची पिशवी ग्रामविकास खात्याकडून जाते, शहराची नगरविकास खात्याकडून. बोगादी २०२० पर्यंत ग्रामपंचायतीत होती. त्या वर्षी कर्नाटक शासनाने म्हैसूरभोवती हूटगळ्ळी नगरपरिषद आणि बोगादी, श्रीरामपुर, रम्मनहळ्ळी व कडकोळ या चार नगर पंचायती निर्माण केल्या. निर्णय चुकीचा नव्हता; ही गावे गावे राहिलीच नव्हती. परंतु पाटी बदलताना काय काय बदलते ते पाहा. ग्रामीण अनुदान थांबते. ग्रामीण रोजगाराची कामे थांबतात. कर्मचारी, कर-नोंदवह्या, लेखापद्धती, लेखापरीक्षण, सारेच दुसऱ्या खात्याच्या नमुन्यात न्यावे लागते. नवी संस्था नव्या पिशवीसाठी पात्र ठरेपर्यंतचा काळ कोणाच्याच हिशेबात धरलेला नसतो. या संधिकाळात रहिवाशांची तहान मात्र थांबत नाही आणि त्यांचा कचराही साचावयाचा थांबत नाही.

तिसरा दोष सर्वांत गंभीर आहे. केंद्राचे अनुदान रीतसर स्थापन झालेल्या, म्हणजे मुदतीत निवडून आलेल्या स्थानिक संस्थेसाठी आहे. ही अट तत्त्वतः योग्यच आहे. घटनेच्या अनुच्छेद २४३-यू प्रमाणे नगरपालिकेची मुदत पाच वर्षे असते, आणि ती संपण्यापूर्वी निवडणूक पूर्ण झाली पाहिजे. सर्वोच्च न्यायालयाने २००६ मध्ये अहमदाबादच्या किशनसिंग तोमर प्रकरणात हे निःसंदिग्धपणे सांगितले आहे. प्रत्यक्षात काय घडते? कर्नाटकातील जिल्हा व तालुका पंचायतींची मुदत २०२१ मध्ये संपली. २०२५ संपले तरी निवडणूक झाली नव्हती. म्हैसूर महानगरपालिकेच्या सभागृहाची मुदत नोव्हेंबर २०२३ मध्ये संपली आणि प्रशासक आला. बोगादीत तर नगर पंचायत निर्माण झाल्यावर वर्षामागून वर्षे गेली, कारभार प्रशासकाकडेच राहिला. नव्या पाटीखाली पहिले सभागृहसुद्धा बसले नाही.

महाराष्ट्रातील वाचकाने यावर नाक मुरडू नये. मुंबई आणि पुण्याच्या महानगरपालिकांची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली, आणि मतदान झाले १५ जानेवारी २०२६ रोजी. जवळजवळ चार वर्षे देशातील सर्वांत श्रीमंत महानगरपालिका एकाही नगरसेवकाविना चालली. ६ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने आदेश दिला नसता तर आणखी किती काळ चालली असती, हे सांगणे कठीण आहे. जिल्हा परिषदा व पंचायत समित्यांना वित्त आयोगाच्या ग्रामीण निधीतून प्रत्येकी १० टक्के वाटा मिळतो; सभागृहेच नसल्याने तो अडला. तामिळनाडूने तर याआधीच हे भोगले होते. तेथे २०१६ नंतर निवडणुका रखडल्या आणि चौदाव्या आयोगाचे अनुदान अडकून पडले.

आता प्रश्न विचारू. निवडणूक कोण टाळतो? प्रभागरचना व आरक्षण राज्य शासनाच्या हातात असते. तेच वेळेवर होत नाही, किंवा अशा रीतीने होते की प्रकरण न्यायालयात जावे. बोगादीच्या मास्तरांनी निवडणूक टाळलेली नाही. पंधराव्या आयोगाच्या इतर अटी पाहा. मालमत्ता कराचे किमान दर अधिसूचित करावेत. कोणी? राज्याने. राज्य वित्त आयोग मार्च २०२४ पर्यंत नेमावा. कोणी? राज्याने. अट पाळावयाची राज्याने आणि न पाळल्यास उपाशी राहावयाचे नगर पंचायतीने! शाळेचे शुल्क बापाने भरले नाही म्हणून पोराला वर्गाबाहेर उभे करणाऱ्या शाळेची आपण निंदा करतो. येथे तर तेच राष्ट्रीय धोरण झाले आहे.

याहून विलक्षण गोष्ट पुढे आहे. केंद्राचे अनुदान राज्याच्या कोषागारात जमा झाल्यावर दहा कामाच्या दिवसांत स्थानिक संस्थेला पोहोचते करावे लागते. उशीर झाल्यास राज्याने व्याज द्यावे, असा नियम आहे. हा नियम चांगला आहे. परंतु पाहा: दहा दिवसांच्या विलंबाला व्याज आहे आणि पाच वर्षे निवडणूक न घेण्याला राज्याच्या खिशातून एक पैसाही जात नाही. गमावलेले अनुदान राज्याचे नव्हतेच. ते गेले काय आणि राहिले काय! उलट सभागृह नसले की नगराचा कारभार मंत्रालयातून नेमलेल्या अधिकाऱ्याकडे येतो. ज्या गुन्ह्यात गुन्हेगाराला दंड नाही आणि वर बक्षीस आहे, तो गुन्हा कोणता शहाणा सोडील?

मी स्वतः प्रशासनात होतो, म्हणून प्रशासकांविरुद्ध बोलताना जीभ अडखळते. पुष्कळ प्रशासक प्रामाणिकपणे काम करतात. परंतु प्रशासकाला गटाराबद्दल रात्री दहा वाजता दार ठोठावून विचारता येत नाही; नगरसेवकाला येते. ज्याला पुन्हा मते मागावयाची नाहीत, त्याची कार्यक्षमता वरिष्ठांच्या आढाव्यापुरती असते. ही त्या अधिकाऱ्याची चूक नव्हे, रचनेचा परिणाम आहे.

यावर दिल्लीतील विद्वान म्हणतील, अट काढली तर राज्ये निवडणुका कधीच घेणार नाहीत. आक्षेप खरा आहे आणि मी अट काढा असे म्हणतही नाही. अट ठेवा, दंडाची दिशा बदला. निवडणूक झाली नाही तर त्या संस्थेचा वाटा वेगळ्या खात्यात ठेवावा, तो व्यपगत होऊ देऊ नये, आणि सभागृह बसताच व्याजासह द्यावा. ते व्याज राज्याकडून वसूल करावे. वसुली राज्याला मिळणाऱ्या इतर अनुदानांतून करता येईल. दहा दिवसांच्या विलंबाला जो न्याय लावला, तोच पाच वर्षांच्या विलंबाला लावावा, एवढीच मागणी आहे.

इंग्लंडमध्ये राहणाऱ्या मराठी वाचकांना हे सारे परके वाटणार नाही. दर वसंतात कौन्सिल टॅक्सचे बिल त्यांच्या हाती पडते. तेथेही कौन्सिलांच्या गरजा मोजण्याचे सूत्र २०१३ च्या सुमारास गोठले आणि दशकाहून अधिक काळ तसेच राहिले. २०२६-२७ च्या वाटपात ते बदलावयास घेतले. स्लाव कौन्सिलने जुलै २०२१ मध्ये आणि बर्मिंगहॅमने सप्टेंबर २०२३ मध्ये हात वर करून कलम ११४ ची नोटीस काढली. दोन्ही ठिकाणी स्थानिक चुका मोठ्या होत्या. सरकारने तेथे आयुक्त पाठवले, कारभारावर कडक देखरेख बसवली. परंतु नगरसेवक घरी गेले नाहीत, आणि सरकारच्या चुकीसाठी स्लावच्या रहिवाशाचा अनुदानाचा वाटा बुडाला असेही झाले नाही. आपण मात्र ज्यांची चूक नाही त्यांचे सभागृहही काढून घेतो आणि पैसाही.

पुन्हा बोगादीकडे येतो. सोळाव्या आयोगाने शहराच्या कडेची गावे मोठ्या नगर-संस्थेत विलीन करण्यास प्रोत्साहन म्हणून १०,००० कोटी रुपये सुचवले आहेत. शहराच्या कडेला माणसे राहतात आणि त्यांचा हिशेब कोठेच लागत नाही, हे या निमित्ताने प्रथमच एका वित्त आयोगाने स्वच्छ मान्य केले, याचे स्वागत करावयास हवे. म्हैसुरातही भोवतालच्या नव्या नगर-संस्था सामावून 'बृहत् म्हैसूर' करण्याचा प्रस्ताव पुढे आलेला आहे. विलीनीकरण कदाचित हिताचेच ठरेल. एकच पाणीयोजना, एकच मलनिःसारण, एकच घनकचरा व्यवस्था यांचे लाभ नाकारता येत नाहीत. परंतु ही रक्कम एकदाच मिळणारी आहे, आणि निर्णयाच्या वेळी बोगादीच्या वतीने 'हो' किंवा 'नाही' म्हणणारे सभागृह अस्तित्वात नव्हते. लग्न ठरवणारे निराळे, हुंडा घेणारे निराळे, आणि नवरीला विचारलेच नाही! महानगरात गेल्यावर बोगादी त्याचे एक टोक होईल. टोकापर्यंत पाण्याचा दाब शेवटी पोहोचतो, हे नळाच्या बाबतीत जितके खरे तितकेच निधीच्या बाबतीतही खरे आहे.

या शहरात अब्दुल नझीर साब यांच्या नावाची ग्रामविकास प्रशिक्षण संस्था आहे. नझीर साब जवळच्या गुंडलुपेटचे. रामकृष्ण हेगडे यांच्या मंत्रिमंडळात असताना त्यांनी कर्नाटकाच्या १९८३ च्या पंचायत कायद्यासाठी झटून जिल्हा परिषदांना खरी सत्ता दिली; १९८७ मध्ये निवडणुका झाल्या आणि देश कर्नाटकाकडे पाहू लागला. त्याहून पंचवीस वर्षे आधी, १ मे १९६२ रोजी, महाराष्ट्राने वसंतराव नाईक समितीच्या शिफारशींवर जिल्हा परिषदा उभ्या केल्या होत्या. घटनादुरुस्ती झाली नव्हती, केंद्राचे अनुदान नव्हते, तरी या दोन राज्यांनी गावाच्या हाती कारभार दिला. आज घटना आहे, न्यायालयाचे निर्णय आहेत, लाखो कोटींचे अनुदान आहे, आणि त्याच दोन राज्यांत सभागृहांना वर्षानुवर्षे कुलपे लागतात. याला प्रगती म्हणावयाचे असेल तर अधोगतीसाठी दुसरा शब्द शोधावा लागेल.

म्हणून माझ्या मागण्या थोडक्यात अशा आहेत.

पहिली: वाटप माणसामागे असावे, पाटीमागे नव्हे. ग्रामपंचायतीची नगर पंचायत झाली किंवा नगर पंचायत महानगरात गेली, तर त्या वस्तीचा वाटा खंड न पडता नव्या संस्थेकडे जावा, आणि विलीन झालेल्या भागाचा वाटा किमान पाच वर्षे त्याच भागात खर्च व्हावा.

दुसरी: जनगणना लांबली तर मतदार यादी, घरपट्टीच्या नोंदी व पाण्याच्या जोडण्या यांच्या आधारे दरवर्षी लोकसंख्येचा अंदाज सुधारावा. हे तिन्ही आकडे प्रत्येक नगर पंचायतीच्या कार्यालयात आजही असतात.

तिसरी: राज्याने न पाळलेल्या अटीचा दंड राज्याने भरावा. स्थानिक संस्थेचा वाटा राखून ठेवावा, बुडवू नये.

चौथी: प्रत्येक संस्थेच्या दारावर, स्थानिक भाषेत, एक फलक असावा. यावर्षी केंद्राचे किती आले, किती अडले आणि कोणामुळे अडले. यांतील शेवटचे तीन शब्द सर्वांत महत्त्वाचे आहेत.

मास्तरांना मी दुसऱ्या दिवशी उत्तर दिले. म्हटले, "तुम्ही गावातही नाही आणि शहरातही नाही. तुम्ही दोन खात्यांच्या मधल्या जागेत राहता." ते थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, "साहेब, मधल्या जागेतही तहान लागते."

परगावी, परदेशी राहणाऱ्या वाचकांना माझी विनंती आहे. तुमचे आईवडील, काका-मामा अशाच कुठल्यातरी कडेच्या वस्तीत राहत असतील. नाशिकच्या, बेळगावच्या, बडोद्याच्या किंवा म्हैसूरच्या. पुढच्या वेळी घरी आलात की त्यांच्या नगर पंचायतीत किंवा महानगरपालिकेच्या विभागीय कार्यालयात जा आणि वरील फलकावरील तिन्ही प्रश्न विचारा. माहितीचा अधिकार २००५ पासून आहे. पहिल्या दोन प्रश्नांची उत्तरे मिळतील. तिसऱ्याचे उत्तर देताना समोरचा अधिकारी घुटमळेल. त्याच्यावर रागावू नका, तो दोषी नसतो. मात्र उत्तर लेखी घेतल्याशिवाय उठू नका.